रद्दीत घालण्याआधी

परवा माळा आवरताना सासऱ्यांनी जपलेला जुन्या साप्ताहिकांचा गठ्ठा सापडला. आपल्या बारामती-इंदापूरकडचीच, चार-चार पानांची. नीरा कालव्याचं आवर्तन, उसाचा भाव, लग्नं, दहावे. मुलगा म्हणाला, ‘‘आई, दे की रद्दीत!’’ माझा हात मात्र थबकला.

मैत्रिणींनो, मोठ्या दैनिकाला आपल्या गल्लीतला कोरडा नळ दिसत नाही, गावच्या साप्ताहिकाला दिसतो. मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून ‘दीनमित्र’ सुरू केलं. पुढे तरवडीहून ते १९६७ पर्यंत चाललं. सावकारी असो की अंधश्रद्धा, लिहायचं ते रोखठोक. त्यांचे वडील कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधू’ काढलं होतं. पुढे पती गेल्यावर त्याच ‘दीनबंधू’ची धुरा तानूबाई बिर्जे यांनी उचलली. त्या काळात एक बाई संपादक!

आणि आमच्या गठ्ठ्यात? बायका दिसल्या त्या हळदी-कुंकवाच्या फोटोत, नाहीतर निधनवार्तेत. दोष एकट्या संपादकांचा कसा म्हणू? रेशनच्या रांगेची, शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाची बातमी आपण कधी लिहून पाठवली? वर्गणी भरायची कारभाऱ्यांनी, वाचायचंही त्यांनीच!

तो गठ्ठा पुसून मी वाचनालयात दिला. आता बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हिशोबाच्या वहीसोबत एक कोरा कागदही ठेवणार आहे. आपल्या गावाचं आपणच नाही लिहायचं, तर कोणी?