वारसाहक्काचा सल्ला हयातीतच मिळावा



मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे सातबाऱ्यावर यावीत म्हणून महसूल विभागाने 1 एप्रिल 2025 पासून राज्यभर हाती घेतलेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम धाराशिवसारख्या, बहुतेक घरांची सारी पुंजी जमिनीतच असलेल्या जिल्ह्यासाठी निश्चितच स्वागतार्ह होती. परंतु नाव लागले म्हणजे हक्क मिळाला आणि नाव लागले नाही म्हणजे हक्क बुडाला, हा गावोगावचा जुना समज तिच्यामुळे आणखी पक्का होण्याची भीती आहे, आणि तो वेळीच दूर झाला नाही तर आज चावडीवर मिटलेली प्रकरणे उद्या दिवाणी न्यायालयात उभी राहतील.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधील कलम 149 नुसार वारसाने जमिनीवर हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला, म्हणजे नव्या नावाने ग्राम महसूल अधिकाऱ्याला, कळवायचे असते आणि कलम 150 नुसार फेरफार नोंदवहीत नोंद होऊन, संबंधितांना नोटीस जाऊन, हरकतींचा निकाल लागून मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. ही सारी प्रक्रिया शेतसारा कोणाकडून घ्यायचा हे ठरवण्यासाठी आहे. प्रमाणित नोंद कलम 157 प्रमाणे खरी मानली जाते, पण ती केवळ विरुद्ध पुरावा येईपर्यंत; फेरफाराने मालकी निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे आणि 2021 साली जितेंद्र सिंह खटल्यात, मृत्युपत्राच्या आधारे नोंद मागणाऱ्याच्या हक्काबद्दल वाद असेल तर त्याने आधी दिवाणी न्यायालयातून हक्क ठरवून घ्यावा, असेही स्पष्ट केले आहे.

या गैरसमजाची सर्वांत मोठी किंमत मुली मोजतात. वडील वारल्यावर वारस नोंदीसाठी सगळ्यांची नावे दिली जातात, पाठोपाठ बहिणींना माहेरी बोलावून ‘भावाच्या लाभात हक्क सोडत आहे’ असा जबाब लिहिला जातो, त्यावर सह्या किंवा अंगठे होतात आणि साडीचोळी घेऊन त्या सासरी परततात. शंभर रुपयांहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीतील हक्क सोडण्याचा दस्त नोंदणी अधिनियम, 1908 नुसार दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो, त्यामुळे चावडीवरच्या अशा जबाबाने बहिणीचा हिस्सा कायद्याने भावाकडे जात नाही. म्हणजे ज्या कागदाने बहिणीला हक्क गेल्याचे वाटते, त्याच कागदावर विसंबून भाऊ विहीर खोदतो, कर्ज काढतो, जमीन विकतो आणि पंधरा-वीस वर्षांनी वाटणीच्या दाव्याची नोटीस आली की दोघेही फसल्यासारखे होतात. हिंदू वारसा कायद्यातील 9 सप्टेंबर 2005 पासूनच्या दुरुस्तीने मुलगी सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हिस्सा असलेली व्यक्ती, ठरली. महाराष्ट्राने तसा कायदा अविवाहित मुलींपुरता 1994 सालीच केला होता. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालाने, वडील 2005 मध्ये हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मानेच येतो हे निश्चित झाले. हे सर्व त्या बहिणीला सही करण्याआधी कोणी सांगितलेले नसते.

विधवा सुनेची स्थिती याहून बिकट असते. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत वर्षानुवर्षे येत राहिले, तेथे जमीन सासऱ्याच्या नावावर, कर्ज मुलाच्या नावावर आणि मृत्यूही मुलाचा, असे चित्र अनेक घरांत दिसते. मुलगा आधी वारला असला तरी त्याची विधवा आणि मुले सासऱ्याची वर्ग एकची, म्हणजे पहिल्या क्रमाची, वारस असतात. जमीन वडिलोपार्जित असेल तर त्यातील पतीच्या हिश्शावरही त्यांचा स्वतंत्र हक्क येतो. पतीच्या मृत्यूने मिळालेला हक्क तिने पुढे पुनर्विवाह केल्याने परत जात नाही. आणि मयताचे देणे वारसाने फेडायचे ते त्याच्याकडून मिळालेल्या मिळकतीच्या मर्यादेतच. ही चार वाक्ये दुखवट्याच्या दिवसांत त्या बाईपर्यंत पोहोचली असती तर कित्येक जणींना रिकाम्या हाताने माहेरची वाट धरावी लागली नसती.

मरणाचा क्रम माणसाच्या हाती नसतो, हे या जिल्ह्याइतके कोणी अनुभवले नसेल. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपात आजच्या लोहारा आणि उमरगा तालुक्यांतील घरेच्या घरे एका वेळी गाडली गेली. बाप आधी गेला की मुलगा, हे सांगायला साक्षीदारच नसेल, तर हिंदू वारसा कायद्याचे कलम 21 विरुद्ध पुरावा येईपर्यंत वयाने लहान असलेली व्यक्ती मागाहून वारली असे धरते आणि तेवढ्यावरून मिळकत एका घराकडे की दुसऱ्या घराकडे जाणार हे ठरते. हयातीत लिहिलेले एक पान असा प्रश्न बव्हंशी टाळू शकते.

ते पान म्हणजे मृत्युपत्र, आणि त्याविषयीची भीती बरीचशी निराधार आहे. भारतीय वारसा अधिनियम, 1925 च्या कलम 63 प्रमाणे करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या एवढे पुरते. मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र, याची सक्ती हिंदू कुटुंबांसाठी मुंबईसारख्या शहरांपुरती होती. धाराशिवमधील शेतकऱ्याने येथील जमिनीविषयी येथेच केलेल्या मृत्युपत्राला ती लागूच नव्हती. मात्र वाद झाल्यास साक्षीदारांपैकी निदान एकाला न्यायालयात उभे राहावे लागते, म्हणून साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयाने लहान असावेत. आणि आजारी वृद्धाकडून एकाच मुलाने इतरांना न कळवता करून घेतलेले मृत्युपत्र नोंदणीकृत असले तरी संशयमुक्त ठरत नाही. मृत्युपत्राने स्वतःचाच हिस्सा देता येतो, मुलीचा जन्मजात हिस्सा नव्हे. मुस्लिम कुटुंबांत एक तृतीयांशापलीकडच्या मिळकतीचे मृत्युपत्र इतर वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे.

बँकेतील ठेवी आणि शेअर्स यांबाबत नॉमिनी हाच मालक, असा सुशिक्षितांचाही समज असतो. ज्यांचे ‘कालनिर्णय’ मराठी घराघरांत भिंतीवर असते त्या जयंत साळगावकर यांच्या मिळकतीवरून निघालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2023 रोजी निकाल दिला की नॉमिनी हा शेअर्सचा केवळ सांभाळ करणारा असतो, मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्रानेच ठरते. बँक ठेवींबाबत हाच निर्णय 2010 साली झाला होता. एवढ्या व्यवहारकुशल घराण्यातही जे घडले, ते सहकारी बँकेतल्या एका मुदतठेवीवरून भावंडांत घडणे मुळीच अवघड नाही.

छोट्या धंद्यांकडे तर कोणाचेच लक्ष नाही. भूम परिसरातील खव्याची भट्टी किंवा तुळजापुरातील हळद-कुंकू, परडी आणि कवड्यांच्या माळांचे दुकान दोन भाऊ मिळून चालवतात, परवाना आणि बँक खाते मात्र थोरल्याच्या नावावर असते, आणि भागीदारीचा लेख केलेलाच नसतो. कुटुंब एकत्र आहे एवढ्यावरून धंदाही एकत्र असल्याचे कायदा गृहीत धरत नाही. त्यामुळे थोरला वारल्यावर वीस वर्षे पहाटेपासून कढईत दूध आटवणाऱ्या धाकट्याला आपला वाटा पुराव्याने सिद्ध करावा लागतो, आणि पुरावा म्हणून त्याच्याजवळ बहुधा उधारीच्या वहीतले हस्ताक्षर तेवढे असते. लेख असला तरी, भागीदारी अधिनियम, 1932 च्या कलम 42 नुसार वेगळा करार नसल्यास भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपते, आणि भागीदार दोनच असतील तर उरलेला एकटा भागीदारी चालवूच शकत नाही. म्हणून हिस्सा किती, मालाचे मोल कसे धरायचे आणि मयताच्या वारसांना किती हप्त्यांत रक्कम द्यायची, हे दोघे हयात आणि सलोख्यात असतानाच लिहून ठेवणे आवश्यक आहे.



म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि जिल्हा परिषद यांना विनंती आहे की 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, 26 जानेवारी आणि 1 मे या दिवशींच्या ग्रामसभांना प्राधिकरणाच्या यादीतील एक वकील पाठवावा, त्याने मृत्युपत्र, वाटणी आणि भागीदारीचा लेख यांविषयी बोलावे आणि सभेनंतर चावडीत बसून एकेका कुटुंबाचे ऐकून घ्यावे. महसूल प्रशासनाने चावडीवरचे हक्कसोडाचे जबाब स्वीकारणे पूर्णपणे थांबवावे, आणि हक्कसोडपत्र नोंदवणाऱ्या प्रत्येक स्त्रीला तिचा हिस्सा किती आहे हे सहीपूर्वी लेखी सांगितले जावे. यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळतो, आणि त्यासाठीचा अर्ज तालुका न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा समितीकडे करता येतो.

— एक वाचक, धाराशिव