मांजराच्या गळ्यात ताविज

सहेरीची वेळ होती. अम्मी चहा गाळत होती आणि नूरी रोजच्यासारखी दस्तरखानाच्या कडेला मलईची वाट बघत बसली होती. बघता बघता ती एका कुशीवर पडली. चारही पाय सायकल चालवल्यासारखे हलायला लागले, तोंडाला फेस आला, खालची फरशी ओली झाली. दीड-दोन मिनिटांत सगळं थांबलं. मी तिला उचललं तेव्हा अंग तापलेलं होतं आणि ती मला ओळखत नव्हती.

फजरची अजान होईपर्यंत घरात चार निदानं तयार होती. दादी म्हणाली, "नजर लगी इसकू." फुफींच्या मते आसेब, मगरिबनंतर मांजर गच्चीवर कशाला जाऊ दिली? शेजारच्या खालांना कुणीतरी करणी केल्याचा संशय होता, आमच्यावर केलेली मांजराने अंगावर घेतली म्हणे. चौथं निदान माझं. मी शिकलेला, म्हणून माझ्या हातात तापाची गोळी होती. पॅरासिटामॉलचा चतकोर तुकडा मोडून मी तिच्या जबड्यात कोंबत होतो. तिने तो थुंकला. ती आज जिवंत आहे ती त्या थुंकण्यामुळे.

हे मला दुपारी कळलं. पॅरासिटामॉल पचवायला लागणारी यकृतातली व्यवस्था मांजरात फार तोकडी असते. माणसाच्या लेकराचा ताप उतरवणारी गोळी मांजराच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेते. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. पुरत्या वाढलेल्या मांजरालाही अर्धी गोळी जीवघेणी ठरू शकते. म्हणजे त्या पहाटे घरातला सगळ्यात धोकादायक माणूस ताविजवाला नव्हता, मी होतो. आमिलवर टीका करण्याआधी हे कबूल करणं भाग आहे.

दुपारी तिला पिशवीत घालून पशुवैद्यकाकडे नेलं. त्यांनी ताप मोजला. मांजराचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं, साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट, तिचा ताप त्याच्या वर होता. त्यांनी कान, डोळे, हिरड्या पाहिल्या, रक्त घेतलं आणि खूप प्रश्न विचारले. घरात उंदराचं औषध ठेवलं होतं का? कुत्र्याच्या गोचिडांचं औषध तिच्या अंगाला लावलं का? त्यातलं परमेथ्रिन मांजराला झटके आणतं. शेजारी कुणी कापसावर फवारणी करून आलेला पंप अंगणात धुतला का? ती पत्र्याच्या खोलीत कोंडली गेली होती का? परभणीच्या उन्हाळ्यात उष्माघातानेही झटके येतात. प्रत्येक प्रश्नाला आमचं उत्तर "नाही" होतं. मग ते म्हणाले, "ताप हे झटक्याचं कारण असेल किंवा झटक्याचा परिणामही. स्नायू इतके आवळले की अंग तापतंच. दोन झटक्यांच्या मध्ये ताप राहतो का ते मोजत राहा. आज कारण सांगता येत नाही."

हे वाक्य घरी सांगितलं आणि डॉक्टर निकालात निघाले. "डाक्टरकू कुछ मालूमच नै," फुफी म्हणाल्या. संध्याकाळी दर्ग्यावरून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने आमिलला फोन लावून दिला. आमिलने मांजर पाहिलं नाही, रंग विचारला. काळी-पांढरी म्हटल्यावर साया असल्याचं पाच मिनिटांत सांगितलं. रात्री नूरीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ताविज होतं. डॉक्टरांची फी दोनशे, आमिलचा नजराणा अकराशे. "मांजरावर कुठं एवढा खर्च करायचा," ही कुरकुर मात्र दोनशे देतानाच ऐकू आली.

माझं भांडण इथे आहे. ज्या शहरात १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय उभं आहे, मराठवाडाभर जनावरांवर उपचार करणारे डॉक्टर जिथून शिकून बाहेर पडतात, तिथे मांजराला झटका आला की पहिला फोन आमिलला जातो. का? तर तो कधीच "ठाऊक नाही" म्हणत नाही. आपल्याला इलाज नकोय, खात्री हवीय, आणि खात्री विकणाऱ्याला आपण पाचपट पैसे मोजतो.

कुणी म्हणेल, याचा ईमान डळमळला. जिन्नांचं अस्तित्व मी नाकारत नाही. कुरआनात त्यांच्या नावाची सूरह आहे. पण जिन्न असतात यावरून माझ्या मांजराच्या मेंदूत आज सकाळी जिन्न शिरला हे सिद्ध कसं होतं? पाऊस अल्लाह पाडतो, हे मानूनही आपण छत गळलं की गवंडी बोलावतोच ना?

आणि मांजराच्या बाबतीत तर आपण फारच मिजास करतो. व्हॉट्सअ‍ॅपवर दर जुम्म्याला एक फोटो फिरतो: पैगंबर साहेबांनी झोपलेल्या मांजरासाठी कुर्त्याची बाही कापली. ही गोष्ट हदीसच्या प्रमाण संग्रहांत नाही. जे आहे ते वाचायला जड जातं. एका बाईने मांजर बांधून ठेवलं, खाऊ दिलं नाही, बाहेर जाऊन किडामुंगी खाऊ दिली नाही. मांजर मेलं आणि ती बाई शिक्षेला पात्र ठरली. हे बुखारीत आणि मुस्लिममध्ये आहे. अबू कतादा यांनी वजूच्या पाण्याचं भांडं तहानलेल्या मांजरासाठी कलतं केल्याची रिवायतही आहे. दोन्ही ठिकाणी प्रश्न प्रेमाचा नाही, करण्याचा आहे. भांडं कलतं केलं की नाही? दोर सोडला की नाही? तापाने फणफणलेल्या जनावराला काळा दोरा बांधून कोपऱ्यात ठेवणं हेही बांधूनच ठेवणं आहे.

"माणसांना औषध मिळत नाही आणि तुम्ही मांजराचे लाड करता," असाही टोला बसतो. मला उलट दिसतं. आपण मांजराशी जे करतो तेच मिरगीच्या माणसाशी करतो. झटका आला की चप्पल हुंगवायची, कांदा नाकाशी धरायचा, दातांत चमचा घालायचा. मग झाडफूक. मुलगी असेल तर लपवून ठेवायची, गोळ्या बंद करून लग्न उरकायचं. नूरीच्या तोंडाशी कांदा धरणारा हात तोच आहे. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण आपल्या मोहल्ल्यात रोज खरी ठरते.

बुखारीत झटके येणाऱ्या एका बाईची रिवायत आहे. तिने पैगंबर साहेबांना दुआ करायला सांगितलं. त्यांनी तिच्यापुढे दोन गोष्टी ठेवल्या: सब्र केला तर जन्नत, हवं तर बरं होण्यासाठी दुआ. तिने सब्र निवडला आणि मागितलं एवढंच, की झटक्यात अंगावरचा कपडा सरकू नये. बुखारीतल्या या रिवायतीत तिला कुणी झपाटलेली म्हणत नाही, तिला बांधत नाही, मारत नाही. तिची इज्जत राखली जाते. पुढे इब्न सीनाने आपल्या 'कानून'मध्ये मिरगी मेंदूच्या आजारांत मांडली. हा वारसा सोडून आपण काळा दोरा का धरला?

आणि "ठाऊक नाही" हेही आपलंच आहे. इमाम मालिक यांना विचारलेल्या कित्येक प्रश्नांना ते "ला अद्री", मला ठाऊक नाही, असं उत्तर देत. त्यांची इमामत त्याने कमी झाली नाही. मग आमच्या डॉक्टरची डॉक्टरकी का कमी व्हावी? कारण न कळताही त्यांनी हातावर हात ठेवले नाहीत. काही दिवसांनी झटका पुन्हा आला तेव्हा फेनोबार्बिटल सुरू केलं, दिवसातून दोनदा, मनाने बंद करायचं नाही या ताकिदीसह. ताप टिकून राहिला तर एफआयपी तपासू म्हणाले. तो मांजरांच्या करोना विषाणूतून होणारा आजार. २०२३मध्ये सायप्रस बेटावर त्याने मांजरं इतकी मेली की सरकारने माणसांसाठी आणलेलं कोविडचं औषध त्यांना द्यायला परवानगी दिली. नूरीचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. तो का आला होता, हे आजही ठाऊक नाही.

घरात मांजर असेल त्यांनी एवढं करा. झटका आला की घड्याळ बघा, फोनवर चित्रण करा, आजूबाजूचं सामान हलवा, दिवा आणि आवाज कमी करा. तोंडात बोट, चमचा, पाणी, काही घालू नका. पाच मिनिटांत थांबला नाही किंवा एकामागून एक यायला लागले, तर उचला आणि दवाखाना गाठा. माणसाची कुठलीही गोळी देऊ नका. अशा अवस्थेत मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस घ्या. रेबीजमध्येही झटके येतात. तिथे ताविजवर विसंबणारा स्वतःचा जीव घालवतो.

नूरीला अजून अधूनमधून झटका येतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख आणि मिनिटं लिहिलेली असतात. ताविज दादीनेच काढलं. दोरा मागच्या पायात अडकून ती पडली होती. परवा झटका आला तेव्हा दादी तिच्याजवळ बसून हळू आवाजात आयतुल कुर्सी पढत होती. मध्येच थांबून तिने मला विचारलं, "कित्ते मिनट हुए?"