बटण अक्षरांतूनच उगवू द्या

इमॅक्समध्ये मजकुरात बटण घालणं हे दोन ओळींचं काम आहे. इन्सर्ट-टेक्स्ट-बटन या फंक्शनला एक शब्द द्यायचा आणि तो दाबल्यावर काय करायचं ते द्यायचं. बास. शब्दाखाली रेघ येते, त्यावर जाऊन रिटर्न दाबलं की काम होतं. माऊसचं डावं क्लिकही चालतं की नाही हे फॉलो-लिंक या गुणधर्मावर ठरतं. ते चालत नसेल तर क्लिक केल्यावर नुसता कर्सर तिथे जाऊन बसतो आणि नवशिका माणूस तासभर डोकं खाजवतो.

हे एकदा जमलं की हात शिवशिवायला लागतात. कामाच्या नोंदी, चेकलिस्टा, सर्व्हरची रोजनिशी, जिकडे तिकडे "लॉग दाखवा", "परत चालू करा" अशी बटणं! दिसतं झकास. पण माझं मत विचाराल (आणि नाही विचारलंत तरी सांगणारच :-)) तर माणसानं माणसासाठी लिहिलेल्या फायलीत अशी बटणं पेरू नयेत. बटण हवंच असेल तर ते समोर दिसणाऱ्या अक्षरांवरूनच ओळखलं जावं.

का, ते कळायला जरा आत डोकवावं लागेल. इमॅक्सच्या बफरमधलं प्रत्येक अक्षर स्वतःसोबत गुणधर्म बाळगू शकतं. २००७ साली आवृत्ती २२ बरोबर आलेली बटण.ईएल ही लायब्ररी याच सोयीवर उभी आहे. बटण म्हणजे अक्षरांच्या पाठीला चिकटवलेली चिठ्ठी: मला दाबलं की अमुक फंक्शन चालव. इन्सर्ट-बटन हा दुसरा प्रकार. त्यात चिठ्ठी अक्षरांना चिकटवत नाहीत, ओव्हरले नावाच्या पारदर्शक कागदावर लिहून तो कागद वर ठेवतात. आता फाईल नेहमीसारखी सेव्ह करा. डिस्कवर जातात ती फक्त अक्षरं. चिठ्ठ्याही मागे राहतात आणि कागदही.

याची किंमत काय असते ते मी पाहिलंय. पूर्वीच्या एका नोकरीत डेटाबेसची डिस्क भरली तर काय करायचं याची फाईल होती. लिहिणाऱ्यानं ती मन लावून लिहिली होती. त्याच्या मशीनवर फाईल उघडली की त्याचा स्वतःचा कोड जागोजागी बटणं लावायचा. पुढे तो नोकरी सोडून गेला, लॅपटॉप परत गेला, कोडही गेला. रात्री अडीच वाजता डिस्क भरली तेव्हा आमच्यापुढे सुबक मराठीत पाच पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीच्या शेवटी दोन शब्द: "इथे दाबा". काय दाबा? अख्ख्या फायलीत एकही कमांड नव्हती.

तुम्ही म्हणाल, मग चिठ्ठ्याही फायलीतच साठवा की! साठवता येतात, पण तिथे वेगळीच गोम आहे. इमॅक्सचा एनरिच्ड मोड गुणधर्मांसकट मजकूर साठवतो. मुद्दाम तशी बनवलेली फाईल नुसती उघडली तरी तिच्यात दडवलेला लिस्प कोड चालू शकतो असं लक्षात आलं, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये केवळ ते भोक बुजवायला आवृत्ती २५.३ काढावी लागली. ऑर्ग-मोडमध्ये लिस्प चालवणारा दुवा लिहिता येतो. तिथे दाबल्यावर आधी "चालवू का?" असं विचारतात. चांगलंच आहे. पण दहाव्यांदा विचारल्यावर माणूस न वाचताच "हो" म्हणतो, हेही तितकंच खरं.

तिसरा रस्ता मला पटतो. इमॅक्समध्येच गोटो-ॲड्रेस-मोड आहे. तो मजकुरातले वेबपत्ते आणि ईमेल स्वतः ओळखून त्यांना दाबण्याजोगं करतो. बग-रेफरन्स-मोड बगचे क्रमांक ओळखतो. फायलीत काही वेगळं लिहावं लागत नाही. पडद्यावर जेवढं दिसतंय तेवढंच रेग्युलर एक्स्प्रेशननं तपासलं जातं, त्यामुळे मोठी फाईलही अडत नाही. हायपरबोल या पॅकेजमध्ये अशा न लिहिलेल्या बटणांचा मोठा संसारच आहे. प्लॅन ९ साठी रॉब पाइक यांनी केलेला ॲक्मी एडिटर तर आणखी पुढे गेला. तिथे कुठलाही शब्द माऊसच्या मधल्या बटणानं दाबला की कमांड म्हणून चालतो. वेगळं "बटण" असं काही नाहीच!

आपल्या मराठी नोंदींसाठीही हे जमतं, फक्त थोडं जपून. "काम-१४३२" असं लिहीत असाल तर इंग्रजी अंकांचा संच त्याला लागू पडणार नाही, पॅटर्नमध्ये [०-९] द्यावं लागेल. आणि स्ट्रिंग-टू-नंबरला "१४३२" दिलंत तर तो बिनदिक्कत शून्य परत करतो. आधी अंक बदलून घ्या.

या रस्त्यात खोट नाही असं नाही. पॅटर्न कधी भलत्यालाच बटण समजतो. म्हणूनच अशा बटणानं फक्त उघडावं, दाखवावं, शोधावं. चुकलं तर चुकीचं पान उघडेल, आभाळ कोसळणार नाही. सर्व्हर बंद करणारी किंवा फायली पुसणारी कमांड मात्र पूर्ण लिहावी, माणसानं ती वाचावी आणि स्वतःच्या हातानं चालवावी. तिथे एका क्लिकची सोय नकोच.

बटण.ईएल वाईट आहे असं मात्र मी म्हणत नाही. हेल्पचा बफर घ्या. प्रोग्रामनं बनवलेला, वाचून टाकून द्यायचा. टॅबनं पुढच्या बटणावर जा, रिटर्न दाबा, मजा येते. तिथे चिठ्ठी हरवायचा प्रश्नच नाही, कारण पुढच्या वेळी प्रोग्राम नवी लावतो.

तेव्हा पुढच्या वेळी हात शिवशिवले तर एवढं करा. फाईल सेव्ह करा आणि साध्या नोटपॅडमध्ये उघडून बघा. अनोळखी माणसाला नुसतं वाचून ते काम हातानं करता आलं, तर बटणं खुशाल लावा. नाही आलं, तर आधी मजकूर पुरा करा.