दुखण्याची आणेवारी

मी गोदीत हमाली करतो. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो. डॉक्टरकीतलं तुला काय कळतं, असं कुणी विचारील. मला माझी माय कळते. तेवढ्यावर बोलतो.

मायचं गर्भपिशवीचं ऑपरेशन मराठवाड्यातल्या एका सरकारी दवाखान्यात झालं. आधी घाईघाईत एका कागदावर तिचा अंगठा घेतला. पाठीत सुई देऊन भूल दिली. रात्री एक तरुण डॉक्टर फॉर्म घेऊन आला. "मावशी, शून्य ते दहा, किती दुखतंय?" माय शाळेचं तोंड न बघितलेली. म्हनली, "सोसायलंय की बाबा." त्यानं दोन लिहिलं आणि गेला. तो वळला तसा मायनं पदर दातात धरला, तो पहाटेपर्यंत. मी खाटेजवळच होतो. मीही तोंड उघडलं नाही. आज लाज वाटते.

पोरगा वाईट नव्हता. भूलतज्ज्ञ व्हायचं तर एमडीचा प्रबंध लिहावाच लागतो. आमच्या नांदेड-लातूरची पोरं क्लासात रात्रीचा दिवस करून डॉक्टर होतात आणि त्यांचे प्रबंध जनरल वॉर्डात भरतात. स्पेशल रूममधल्या शेठाणीला असा आकडा विचारायला कोण जातं?

ओळखीच्या नर्सबाईकडून मी पुढं सगळं समजून घेतलं. मेख इथंच आहे. असल्या अभ्यासात पेशंटचे दोन गट करतात. एकाला नेहमीचं बुपिव्हाकेन, दुसऱ्याला त्यातच आणखी एक औषध मिसळून. मग मोजतात काय, तर दुखणं थांबवायचं पहिलं इंजेक्शन किती तासांनी लागलं. पुष्कळदा आकडा चारवर गेल्याशिवाय ते देत नाहीत. जितका उशीर, तितकं औषध गुणकारी. म्हणजे बघा, माय गप्प बसली आणि औषध पास झालं! हजारो वर्षं तोंड दाबून सोसायला लावलं, आणि ते सोसणंही तिच्या नावावर नाही. औषधाच्या खात्यावर जमा.

हे आजचं नाही. आमचा मुलूख निजामाचा होता तेव्हा, १८८८ आणि १८८९ साली, हैदराबादेत क्लोरोफॉर्मवर दोन कमिशनं बसली. पैसा निजामाचा, म्हणजे आमच्या रयतेच्या शेतसाऱ्याचाही. एडवर्ड लॉरी नावाच्या गोऱ्या सर्जननं शेकड्यांनी जनावरं मारली आणि छातीठोक सांगितलं, श्वासाकडं बघा, हृदयाला धोका नाही. १९११ साली लेव्हीनं मांजरांवर दाखवलं की हलक्या क्लोरोफॉर्मखालीच हृदय फडफडून बंद पडतं. लॉरीनं जिथं बघायचं ठरवलं तिथंच बघितलं होतं. भुलेच्या शास्त्रातली केवढी ही भूल!

अमेरिकेत २०१६ साली व्हर्जिनियातल्या शिकाऊ गोऱ्या डॉक्टरांना विचारलं. काळ्यांची कातडी जाड असते, असलं काहीतरी खोटं निम्म्यांच्या डोक्यात निघालं. ज्यांच्या डोक्यात ते होतं, त्यांनी काळ्यांचं दुखणं कमी लेखलं. आपल्या वॉर्डातही विचारा एकदा. आडनाव वाचून आकडा उतरतो का?

संशोधन बंद करा असं मी म्हणत नाही. भूल नसती तर माय टेबलावरच संपली असती. पण अंगठ्याआधी कागद तिच्या बोलीत वाचून दाखवा. आयसीएमआरची २०१७ ची नियमावलीही समजेल अशा भाषेतच सांगा म्हणते. कुठल्या गटात होती ते नंतर कळवा. प्रबंध ज्याचा, त्यानंच आकडा लिहू नये. आणि जे औषध चांगलं ठरेल ते मुखेड, किनवट, निलंग्याच्या दवाखान्यात आलं पाहिजे, आणि ते टोचणारा भूलतज्ज्ञही.

महिन्यानं मी मायला विचारलं, त्या राती किती दुखत होतं गं? दुष्काळात पिकाची आणेवारी लावतात, ती तिला पक्की कळते. जरा थांबून म्हनली, "बारा आणे. तुझ्या वक्ताला सोळा होतं."

बारा आणे म्हणजे दहात साडेसात. फॉर्मवर दोन आहे.