जोखीम कुणाची?

'जोखीम' या शब्दाला षष्ठी जोडल्यावाचून अर्थ पुरा होत नाही. विकास-बँकांच्या भाषेत नेमकी तीच गाळलेली असते. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने ४५ कोटी डॉलरचे कर्ज १९८५मध्येच मंजूर केले. केंद्राची सशर्त पर्यावरणीय मंजुरी आली १९८७मध्ये. म्हणजे आधी निष्कर्ष, मग अभ्यास! बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२मध्ये हे अपयश नोंदवले. १९९३मध्ये उरलेले कर्ज रद्द होऊन बँक मोकळी झाली. मणिबेलीची घरे मात्र पाण्याखाली गेली. २०१८पासून बँकेने जोखमीच्या 'उच्च' ते 'अल्प' अशा चार श्रेणी केल्या आहेत. पण मूल्यमापन करवून घेतो तो कर्जदारच. बुडणाऱ्याशी केवळ 'सल्लामसलत' होते. विशेषणे वाढवून षष्ठीची उणीव भरून निघत नाही, हे व्याकरण शिकवणाऱ्यांनी तरी ठणकावून सांगावे.