आधी निदान, मग पाना



चोवीस वर्षं मी सेनेच्या ईएमई कोअरमध्ये वाहनदुरुस्तीचं काम केलं. गाडी का बंद पडते हे अनेक जवानांना शिकवलं. आणि गेल्या ऑक्टोबरात माझीच गाडी सोलनहून कालक्याकडे उतरताना भर रस्त्यात बंद पडली, तेव्हा ती का बंद पडली हे मला सांगता आलं नाही. आपल्या शाळेतल्या आठवीच्या एका कॅडेटला सांगता आलं असतं. पण त्याला वाटलं की सरांना माहीत असणारच, म्हणून तो गप्प बसला. हा लेख त्या गप्प बसण्याबद्दल आहे, आणि ज्या माझ्या घाईमुळे तो गप्प बसला त्या घाईबद्दलही आहे.

गाडीत त्याचे आईवडील होते. वडील सेनेत नायक. दुसऱ्या दिवशी त्यांची रजा संपत होती आणि चंदीगडहून रात्रीची रेल्वे पकडायची होती. घरापासून इतक्या लांब साताऱ्याकडची माणसं भेटल्यावर मीच आग्रह केला होता, "बसने कशाला जाता, मी सोडतो."

माझी ही पेट्रोल गाडी पंधरा दिवसांपासून कुरकुरत होती. सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, मध्येच बंद पडायची, थोड्या वेळाने आपोआप सुरू व्हायची. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला. पी०३०० असा कोड आला. म्हणजे सिलिंडर मिसिंग मारतायत, पण नेमका कोणता ते ठरत नाही. "प्लग गेलेत," तो म्हणाला. प्लग बदलले. दोन दिवस गाडी बरी चालली. मग "पेट्रोलमधून कचरा आलाय" म्हणून फिल्टर बदलला. तिसऱ्यांदा तर मीच म्हणालो, बॅटरी जुनी झालीय, नवी टाका. सात-साडेसात हजार रुपये गेले आणि थरथर होती तिथेच राहिली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं आपल्याकडे म्हणतात ते हेच. आणि ते औषध देणाऱ्यांत मी स्वतः होतो.

धरमपूरच्या पुढे वाहतूक तुंबली. अर्धा तास इंजिन चालू ठेवून जागच्या जागी उभं राहिल्यावर गाडी जोरात थरथरली आणि गप्प झाली. नायकांनी खाली उतरून माझ्याबरोबर गाडी कडेला ढकलली. धोक्याचे दिवे लावले, मागे त्रिकोण ठेवला. मग मी सेल्फ मारत बसलो. स्टार्टर जोरात फिरत होता, इंजिन काही पेटत नव्हतं. "पंप गेला असेल," मी म्हणालो. पाच मिनिटांनी "कॉइल असेल." नायक दर वेळी "होय साहेब" म्हणत होते. पाऊण तासाने गाडी सुरू झाली, दोन किलोमीटर चालली आणि पुन्हा मेली. शेवटी आम्ही टॅक्सी केली, तोवर रेल्वे गेली होती. नायकांनी फलाटावरून युनिटला फोन केला. आजवर एकदाही उशिरा हजर न झालेल्या त्या माणसाला माझ्या गाडीचं कारण सांगावं लागलं.

परत येताना मुलगा माझ्याबरोबर होता. चहाला थांबलो तेव्हा तो हळूच म्हणाला, "सर, तुम्ही सेल्फ मारत होता ना, तेव्हा तो आरपीएमचा काटा शून्यावरच होता. एकदाही हलला नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तुम्हाला दिसला असेल असं वाटलं, सर."

मला दिसला नव्हता. मी काट्याकडे पाहतच नव्हतो, मी उत्तर शोधत होतो.

त्या काट्याचा अर्थ असा. इंजिनचा क्रँकशाफ्ट कुठे आहे आणि किती वेगाने फिरतो आहे हे एक छोटा सेन्सर गाडीच्या संगणकाला सांगतो. त्याच माहितीवर ठिणगी कधी द्यायची आणि पेट्रोल कधी सोडायचं हे ठरतं. स्टार्टर फिरताना इंजिन दोन-अडीचशे आरपीएमने फिरत असतं, त्यामुळे बऱ्याच गाड्यांत काटा थोडा तरी उचलतो. तो अजिबात उचलला नाही, तर संगणकाला इंजिन फिरतंय हेच कळत नसावं, अशी दाट शंका येते. मग तो ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही. या सेन्सरची एक खोड मेकॅनिक लोकांना ठाऊक असते. म्हातारा झाला की तो गरम असताना दगा देतो आणि थंड झाला की पुन्हा शहाणा होतो. थरथर, बंद पडणं, गरम असताना सुरू न होणं आणि तासाभराने सुरू होणं, या चारही गोष्टींचा उलगडा या एका दोषाने होतो. प्लग, फिल्टर किंवा बॅटरीने एकेका गोष्टीचाच होत होता.

दुसऱ्या दिवशी मी सेन्सर तपासला. थंड असताना मल्टीमीटरवर रोध बरोबर. इंजिन तापवून गाडी बंद पडू दिली आणि पुन्हा मोजला, तर सर्किटच तुटलेलं. सेन्सरवर ओलं फडकं ठेवलं, थोड्या वेळाने गाडी सुरू. मगच नवा बसवला. किंमत बाराशे रुपये. तेव्हापासून गाडी ठीक आहे.

आता तुम्ही म्हणाल, काटा आधी कळला असता तरी रस्त्यात सेन्सर कुठून आणला असता? नसताच आणला. पण गाडी आता थंड झाल्याशिवाय हलणार नाही आणि तापली की पुन्हा थांबणार, हे पहिल्या पाच मिनिटांत समजलं असतं. टॅक्सी तेव्हाच केली असती आणि रेल्वे मिळाली असती. निदानाचा उपयोग दुरुस्तीपुरता नसतो. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हेही त्यातून कळतं.

माझं मत स्पष्ट आहे. आपल्या शाळेत, वर्गात आणि मैदानावर आपण चटकन उत्तर देणाऱ्याला शाबासकी देतो. नीट पाहणाऱ्याला देत नाही. हॉबी तासाला मी बंद गाडीपुढे दहा मुलं उभी केली की अर्ध्या मिनिटात दहा उत्तरं येतात. बॅटरी! प्लग! पंप! "स्टार्टर फिरतोय का?" हा प्रश्न मात्र क्वचितच येतो. वास्तविक सगळी वाट तिथून फुटते. स्टार्टर फिरत नसेल तर बॅटरी, तिचे टर्मिनल, अर्थिंग आणि स्टार्टर पाहायचे. फिरत असेल तर ठिणगी आणि पेट्रोल पाहायचं. थरथर उभ्या गाडीत आहे की वेगातच? फक्त वेगात असेल तर चाकांच्या बॅलन्सिंगचा संशय आधी घ्यावा. उभ्या गाडीत असेल तर इंजिन आणि त्याचे माउंटिंग. चावी फिरवल्यावर पेट्रोल पंपाची बारीक घरघर ऐकू येते का? इंजिनचा दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय? चालत्या गाडीत तो लुकलुकत असेल तर मिसिंग गंभीर आहे. पेट्रोल न जळता धुराड्यात जातं आणि तिथला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो, म्हणून गाडी थांबवा. आणि शेवटचा प्रश्न, दोष सुरू होण्यापूर्वी गाडीत काय बदललं होतं? यातल्या बहुतेक प्रश्नांना हत्यार लागत नाही. डोळे, कान आणि थोडा धीर पुरतो.

स्कॅनर आल्यापासून ही सवय आणखी सुटली आहे. पण कोड म्हणजे निकाल नव्हे. पी०३३५ हा कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष आहे एवढंच सांगतो. तो दोष सेन्सरचा असेल, वायरचा असेल किंवा सैल जोडाचाही असेल. कोड साक्षीदार आहे, उलटतपासणी आपल्याला करायची असते.

काही सहकारी म्हणतात, "साहेब, फौजेत इतका विचार करायला वेळ कुठे असतो?" प्रश्न रास्त आहे. काही कामांत खरोखर वेळ नसतो. घाटात इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत एकदोन दाबांतच संपते. अशा वेळी चावी काढायची नाही, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. ब्रेक पंपासारखा न मारता एकदाच घट्ट दाबायचा आणि गाडी कडेला घ्यायची. हे विचार न करता जमलं पाहिजे, म्हणून त्याचा सराव असतो. पण गाडी कडेला लागली की घाईचं काम संपलं. पुढेही तीच घाई चालू ठेवली तर माझ्यासारखी बॅटरी बदलली जाते. चांगला पार्ट लावून पाहणं ही सुद्धा तपासणीच आहे, पण एका वेळी एकच पार्ट आणि कशासाठी हे आधी ठरवून.

फौजेला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गाडी बाहेर पडण्याआधी फर्स्ट परेड, वाटेत हॉल्ट परेड आणि परतल्यावर लास्ट परेड. तिन्ही वेळी ड्रायव्हरने जे दिसलं ते सांगायचं. त्यावेळी त्याचा हुद्दा कोणी विचारत नाही. शिपायाने तेलाचा डाग दाखवला तर सुभेदाराने वाकून बघायचं असतं. त्या दिवशी मी शिपायासारखा पाहिला नाही आणि सुभेदारासारखा वाकलोही नाही. तीन वेळा छातीठोक उत्तर दिल्यावर आठवीतला मुलगा मध्ये कसा बोलणार? एकदा जरी मी "मला कळत नाहीये, तुला काय दिसतंय?" म्हणालो असतो, तर तो बोलला असता.

पालकांनाही एक विनंती. मुलाचे गुण घसरले की आपण शिकवणी बदलतो, मग मोबाइल काढून घेतो, मग आणखी एक शिकवणी लावतो. कधी त्याला फळा नीट दिसत नसतो. कधी तो पायाचं दुखणं लपवून रोज धावत असतो आणि रात्री त्याला झोप येत नसते. पार्ट बदलण्याआधी त्याला विचारा, आणि विचारल्यावर थोडं थांबा.

हॉबी तासासाठी मी आता एक वही केली आहे. तीन रकाने आहेत, काय दिसलं, काय तपासलं, काय निघालं. पहिला रकाना भरल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. ती वही सध्या त्याच कॅडेटकडे आहे.

येत्या रविवारी या. मी गाडी मुद्दाम बिघडवून ठेवणार आहे. पान्यांच्या कपाटाची किल्ली मात्र पहिली वीस मिनिटं माझ्या खिशात असेल.