१९८२चा जगज्जेता ‘अपघाती’ होता काय?

१/ ‘केके रोसबर्ग एकच शर्यत जिंकून जगज्जेता झाला; तो अपघाती विजेता.’ फॉर्म्युला वनच्या चाहत्यांत हे विधान इतके रूढ आहे की ते पडताळावे असे कुणास वाटत नाही. आपण पडताळू.

२/ आक्षेपाचा आधार खरा आहे. मे महिन्यात फेरारीचा जिल व्हिलनव्ह झोल्डर येथे मृत्युमुखी पडला. ऑगस्टमध्ये हॉकेनहाइमच्या सरावात दिदिए पिरोनी जायबंदी झाला. तेव्हा पिरोनीचे गुण ३९, रोसबर्गचे २३.

३/ परंतु दैवाचा हिशेब मांडायचा तर दोन्ही रकाने भरावेत. पिरोनीचे ९ गुण इमोलाचे. तेथे बहिष्कारामुळे अवघ्या १४ गाड्या होत्या; रोसबर्गची विल्यम्स त्यांत नव्हती. ब्राझीलमध्ये वजनाच्या वादात त्याचे दुसरे स्थान रद्द झाले, ६ गुण गेले.

४/ विल्यम्सचा अनुभवी कार्लोस रॉइटेमान दोन शर्यतींनंतर निवृत्त झाला. संघाचा भार आला तो आदल्या वर्षी एकही गुण न मिळवलेल्या रोसबर्गवर, आणि तोही टर्बो नसलेल्या गाडीत.

५/ पिरोनीविना झालेल्या ५ शर्यतींत त्याने २१ गुण मिळवले. त्या हंगामात १६ शर्यतींचे ११ विजेते झाले. दोनांहून अधिक विजय कुणाचेच नाहीत. मग एका विजयाचे हसे का?

६/ फेरारीने चार चालकांच्या बळावर संघांचे विजेतेपद मिळवले. त्यास कुणी अपघाती म्हणत नाही. व्हिलनव्हचा शोक अवश्य करावा. त्यासाठी रोसबर्गचे ४४ गुण नाकारण्याचे कारण नाही.